परिषदेचे प्रश्न आणि आपलें उत्तर



आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो पहिल्यानें ऐकतांना थोडा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु हल्लीं शहरांतील बहुतेक सुशिक्षित घरांत त्याचा केव्हांना केव्हां संबंध येतो. कोणाची मुलगी संशोधन करीत असते, कोणाचा जांवई प्राध्यापक असतो, कोणी सेवानिवृत्त गृहस्थ हौसेनें जुने कागद वाचीत बसलेले असतात. त्यांपैकीं कोणी एखाद्या परिषदेंत निबंध वाचावयाचें मनांत आणतो, निबंधाचा गोषवारा पाठवितो, आणि महिन्याभरानें समितीचें पत्र येतें. पत्रांत होकार नसतो, नकारहि नसतो; असतात ते प्रश्न. मग घरांत दोन दिवस कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. त्या प्रश्नांचा अर्थ काय, ते कां विचारतात, आणि त्यांस उत्तर कसें द्यावें, हें आज सांगावयाचें आहे.

मी विद्वान् नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण नाहीं, आणि सारा जन्म शाळेंत मुलांना गणित व मराठी शिकविण्यांत गेला. मात्र मोडी वाचण्याचा नाद तरुणपणापासून आहे. म्हणून जें सांगणार तें ग्रंथांतलें नव्हे, माझ्यावरच ओढवलेलें सांगणार आहें.

प्रथम गोषवारा म्हणजे काय तें पाहूं. परिषदेस शेंकडों निबंध येतात, दिवस दोन किंवा तीन असतात, आणि प्रत्येक वक्त्यास पंधरा-वीस मिनिटें मिळतात. सगळे निबंध मुळांतून वाचणें समितीस शक्य नसतें. म्हणून दोनतीनशें शब्दांत माझें म्हणणें काय, तें कोणत्या पुराव्यावर उभें आहे, आणि त्यांत नवें काय, एवढें अगोदर कळवावयाचें असतें. एवढ्या लहान जागेंत पुराव्याचे सांधे झांकले जातात. समिती जे प्रश्न विचारते ते बहुधा ह्या झांकलेल्या सांध्यांविषयींचे असतात.

आतां माझी गोष्ट. बारा वर्षांपूर्वीं माझ्या एका विद्यार्थ्यानें घरांतील एक जुना मोडी कागद शाळेंत आणला. त्याच्या घराण्यांत इतकीच आठवण होती कीं, कोणी पूर्वज लढाईंत पडला व सरकारांतून जमीन मिळाली. कागद तोच होता. अमुक इसम लढाईंत कामास आला, सबब त्याच्या बायकोस व लहान मुलास बालपरवेशी म्हणून अर्धा चाहूर जमीन दिली आहे, असा मजकूर. कोणत्या लढाईंत, हें लिहिलेलें नव्हतें. खालीं महिना वैशाख शुद्ध, मुसलमानी महिना रमजान, आणि संवत्सराचें नांव कसरीनें खाल्लेलें. 'वि' एवढें पहिलें अक्षर राहिलेलें. सन मात्र शब्दांत होता. मीं तो वाचला: 'इहिदे सितैन मया व अलफ.' म्हणजे शुहूर सन ११६१. पानिपताचें वर्ष! मीं मुलाला तेथल्या तेथें सांगितलें, "तुमचा पूर्वज पानिपतावर पडला." त्या घरीं तेव्हांपासून दर पौष शुद्ध अष्टमीस त्या पूर्वजाच्या नांवानें पान वाढूं लागले.

पुढें सेवानिवृत्त झाल्यावर, एका इतिहास-परिषदेचें निमंत्रण पाहून, ह्या कागदावर निबंध लिहिण्याचें मीं ठरविलें. शीर्षक दिलें: 'पानिपतच्या रणांत आमच्या प्रांताचा वाटा.' गोषवारा नातीनें संगणकावर उतरवून धाडला. पांच आठवड्यांनीं उत्तर आलें, त्यांत सहा प्रश्न होते.

पहिला: मूळ पत्र कोठें आहे, आणि इतर अभ्यासकांस तें पाहतां येईल काय? दुसरा: सनांतील दशकाचा शब्द 'सितैन' असा वाचला आहे, तो निश्चित आहे काय? तिसरा: संवत्सराचें एकच अक्षर शिल्लक असतां 'विक्रम' कसें ठरविलें, आणि वैशाख व रमजान यांचा मेळ ११६१ शीं बसतो काय? चौथा: एका पत्रावरून सबंध प्रांताविषयीं विधान कसें करतां येईल? पांचवा: पानिपतावर विपुल लेखन झालेलें आहे, ह्या निबंधानें त्यांत कोणती भर पडेल? सहावा: ही जमीन मृताच्या थकलेल्या पगाराऐवजीं दिलेली नसेल कशावरून?

खरें सांगतों, मला राग आला. उभा जन्म मोडी वाचण्यांत घालविलेल्या माणसाला 'वाचन निश्चित आहे काय' असें विचारावें! निबंध परत घ्यावा असें पत्रहि मीं मनांत रचलें.

असा राग थोरामोठ्यांनाहि आलेला आहे. १९३६ सालीं आइन्स्टाइन आणि त्यांचे सहकारी नेथन रोझेन यांनीं अमेरिकेंतील 'फिजिकल रिव्ह्यू' ह्या नियतकालिकाकडे एक निबंध पाठविला. गुरुत्वाकर्षणाच्या लहरी असूंच शकत नाहींत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादकांनीं तो एका तज्ज्ञाकडे दिला आणि तज्ज्ञानें दहा पृष्ठें भरून शंका लिहिल्या. छापण्यापूर्वीं निबंध दुसऱ्या कोणास दाखविण्याची परवानगी आपण दिली नव्हती, असें रागानें कळवून आइन्स्टाइननीं निबंध परत घेतला. पुढें त्यांतील दोष त्यांच्या लक्षांत आला, आणि १९३७ सालीं तो निबंध निष्कर्ष बदलून दुसऱ्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्या लहरींची प्रत्यक्ष नोंद २०१५ च्या सप्टेंबरांत झाली. राग येणें हा दोष नव्हे. रागाच्या भरांत पत्र धाडणें हा दोष. म्हणून माझी पहिली सूचना अशी कीं, समितीचें पत्र आलें म्हणजे त्या दिवशीं उत्तर लिहूं नये.

चौथ्या दिवशीं मीं तें पत्र पुन्हां हातीं घेतलें, आणि मला माझें शाळेंतलें टेबल आठवलें. गणिताच्या वह्या तपासतांना मीं सहस्रावधि वेळां समासांत तांबड्या शाईनें एकच शब्द लिहिला असेल: 'रीत?' उत्तर बरोबर आहे, पण तें आलें कसें? पुस्तकाच्या मागून उतरविलें कीं स्वतः काढलें? मुलगा म्हणे, "गुरुजी, उत्तर बरोबर आहे ना!" आणि मी म्हणें, "असेल. पण रीत दाखव." समितीनें माझ्या वहीच्या समासांत सहा ठिकाणीं 'रीत?' असें लिहिलें होतें. ज्यानें तो शब्द तीस-पस्तीस वर्षें लिहिला, त्यास तो वाचण्याची लाज वाटावयाचें कारण नव्हतें.

आतां एकेक प्रश्न घेऊं.

मूळ पत्र कोठें आहे, हा प्रश्न अविश्वासाचा वाटतो. पण तो तसा नाहीं. इतिहासांत पुरावा म्हणजे जो दुसऱ्यालाहि पाहतां येतो तो. पुण्यास १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, तेव्हांपासून मूळ कागद जसेच्या तसे छापून लोकांपुढें ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रांत रुजली. पत्र आमच्या कपाटांत आहे, आम्हीं तें वाचलें आहे, आमच्यावर विश्वास ठेवा, ही भाषा संशोधनांत चालत नाहीं. मीं त्या कुटुंबाची परवानगी घेऊन पत्राची छायाचित्रें उत्तरासोबत पाठविलीं.

दुसरा व तिसरा प्रश्न एकत्र घेतले पाहिजेत, कारण माझ्या निबंधाचा प्राण तेथें होता. मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सन अरबी संख्याशब्दांनीं लिहीत, आणि एकं प्रथम, मग दशक, मग शतक व सहस्र अशा क्रमानें. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, मिळून ११६१. हें वर्ष सौर असून सूर्य मृगनक्षत्रांत जातो तेव्हां, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, तें सुरू होई. म्हणून जूनपासून डिसेंबरापर्यंत त्यांत ५९९ व जानेवारीपासून पुढें ६०० मिळवले कीं इसवी सन निघतो. पानिपताची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. ११६१ मध्यें ६०० मिळवून १७६१. येथवर माझें गणित चोख होतें.

पण साठाला जसा सितैन, तसा नव्वदाला तिसैन. दोन्ही शब्दांतलीं अक्षरें तींच, फक्त जागा बदललेल्या. आणि कागदाची घडी नेमकी त्या शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून गेलेली! मीं भिंग घेऊन दिव्याखालीं तासभर पाहिलें. पूर्वीं मला जेथें 'सि' स्पष्ट दिसला होता, तेथें आतां नुसती वेलांटी आणि झिजलेली शाई दिसूं लागली. बारा वर्षांपूर्वीं मीं तो शब्द वाचला नव्हता. मला जो हवा होता तो त्या जागीं बसविला होता. दुसऱ्या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर इतकेंच होतें कीं, वाचन निश्चित नाहीं. तो शब्द सितैन असेल तर पत्र १७६१ चें, तिसैन असेल तर १७९१ चें. मध्यें तीस वर्षांचें अंतर.

मग निर्णय कशानें करावयाचा? तो तिसऱ्या प्रश्नांत समितीनें सुचविला होता. प्रश्नांत पुष्कळदां उत्तराची किल्ली असते, ती रागावलेल्या माणसास दिसत नाहीं.

संवत्सराचें नांव काढण्याची रीत सोपी आहे. शकांत १२ मिळवा आणि ६० नें भागा. बाकी राहील त्या क्रमांकाचा संवत्सर. पानिपत शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीस झालें. १६८२ आणि १२ मिळून १६९४. त्यास ६० नें भागून बाकी १४. चौदावा संवत्सर विक्रम. म्हणून मीं 'वि' चा 'विक्रम' केला. पण पत्र वैशाखांतलें होतें. शक चैत्रांत बदलतो, शुहूर सन मृगांत बदलतो. म्हणजे शुहूर ११६१ चा वैशाख हा पौषानंतरचा, आणि तोंवर शके १६८३ लागलेला. त्या वर्षाचा संवत्सर पंधरावा, वृष. विक्रम संवत्सर चैत्राच्या आधींच संपला होता!

महिना कोणता हें न पाहतां शकांत ७८ मिळवून मोकळें होणें, ही ह्याच जातीची चूक फार जण करतात. श्रीशिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद आपणांस ठाऊक आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथि आहे. १५५१ मध्यें ७८ मिळविले तर १६२९ येतात. पण फाल्गुन जानेवारीनंतरचा, म्हणून ७९ मिळवावयाचे, आणि १६३० हें साल निघतें. एका आंकड्याच्या निष्काळजीपणानें एवढ्या थोर पुरुषाचें जन्मसाल चुकेल, मग माझ्या कागदाची काय कथा!

तर 'विक्रम' गेला. पण तेवढ्यानें ११६१ जात नव्हतें. वृषास कांहीं ठिकाणीं विषु असेंहि म्हणतात, आणि 'वि' नें आरंभ होणारे दुसरे संवत्सरहि पुष्कळ आहेत. त्यांतच पंचेचाळिसावा विरोधकृत्, तो शके १७१३ चा, म्हणजे १७९१ च्या वैशाखाचा. 'वि' दोन्हीकडे बसूं शकत होता. राहिला रमजान.

मुसलमानी वर्ष शुद्ध चांद्र, सुमारें ३५४ दिवसांचें. आपल्या पंचांगांत अधिक मास घालून चांद्र वर्षाचा सौर वर्षाशीं मेळ ठेवितात, त्यांत तसा घालीत नाहींत. म्हणून दर वर्षीं मुसलमानी महिने आपल्या महिन्यांच्या मानानें सुमारें अकरा दिवस मागें सरतात. जंत्री काढून पाहिलें. १७६१ च्या वैशाख शुद्धांत रमजान नव्हता. तो चैत्रांत होऊन गेला होता आणि वैशाखांत शव्वाल चालू होता. १७९१ च्या वैशाख शुद्धांत मात्र रमजान होता. हिशेबानेंहि तसेंच येतें. तीस वर्षांत अकरा दिवसांप्रमाणें ३३० दिवस, म्हणजे अकरा महिने; शव्वालापासून अकरा महिने पुढें मोजले कीं रमजानच येतो. पत्रांत वैशाख शुद्ध आणि रमजान एकत्र होते. सन तिसैनचा, संवत्सर विरोधकृत्, साल १७९१. पानिपताला तीस वर्षें होऊन गेलीं होतीं.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. निबंध बुडाला ह्याचें दुःख थोडें. पण ज्या घरीं बारा वर्षें अष्टमीस पान वाढलें जात होतें, त्या घरीं जाऊन काय सांगावयाचें? समितीस चूक कळविणें सोपें होतें, कारण तेथें मला कोणी ओळखत नव्हतें.

मोह तेवढ्यावर संपला नाहीं. दुसरे दिवशीं सकाळीं मनांत आलें, १७९१ कां होईना! टिपूवरील स्वारींत परशुरामभाऊ पटवर्धनांनीं १७९० च्या सप्टेंबरापासून १७९१ च्या एप्रिलापर्यंत धारवाडास वेढा घातला होता. एप्रिलांत किल्ला हातीं आला, आणि पुढच्याच महिन्यांत, वैशाखांत, हें पत्र. पूर्वज धारवाडास पडला असला पाहिजे! शीर्षकहि सुचलें. सुदैवानें समितीचें पत्र टेबलावरच होतें, आणि त्यांतला दुसरा प्रश्न मला पुन्हां वाचावासा वाटला. पत्रांत धारवाडाचें नांव नाहीं, सरदाराचें नाहीं, पथकाचें नाहीं. एक हवीशी लढाई गेली म्हणून तिच्या जागीं दुसरी बसविणें ही जुनीच चूक नव्या सालांत करणें होय. लिहितांना तीन क्रियापदें निरनिराळीं ठेवावीं, हें मी त्या सकाळीं शिकलों. पत्र वैशाख १७९१ चें 'आहे'. मृत्यु त्या सुमाराच्या एखाद्या मोहिमेंतला 'असावा'. ती मोहीम धारवाडची 'असूं शकेल'. तीन ठिकाणीं 'आहे' लिहिलें कीं निबंध खोटा झाला.

चौथा प्रश्न शीर्षकाविषयीं. एका पत्रावरून प्रांताचा वाटा ठरत नाहीं, हें कबूल करण्यास विशेष विद्वत्ता लागत नव्हती. आपल्या शीर्षकांतील प्रत्येक शब्दासमोर बोट ठेवून, ह्याचा पुरावा माझ्याजवळ कोठें आहे, असें स्वतःस विचारावें. ज्या शब्दास उत्तर नाहीं तो खोडावा. माझ्या शीर्षकांतील पानिपत गेलें, रण गेलें, प्रांत गेला आणि वाटाहि गेला.

मग राहिलें काय? हाच पांचवा प्रश्न होता: नवें काय? त्याचें उत्तर मला जेथें जाण्याची भीति वाटत होती तेथें मिळालें.

माझा तो विद्यार्थी नोकरीनिमित्त परगांवीं असतो. घरीं त्याची आजी. वय पंचाऐंशीच्या पुढें, पण कान शाबूत. मीं कागद समोर ठेवून सारें सांगितलें. सितैन आणि तिसैन त्यांना समजलें कीं नाहीं कोण जाणे, पण चूक माझी होती एवढें मीं स्पष्ट सांगितलें. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, माणूस लढाईंत गेला, तें तरी खरं ना?"

"तें खरें आजी. तें पत्रांतच आहे."

"आणि त्याच्या बायकोला जमीन दिली, तिनं पोर वाढवलं, तें?"

"जमीन दिली, हें पत्रांत आहे. पोर वाढलें, ह्याचा पुरावा तुम्ही सगळे."

"मग तें लिहा कीं," आजी म्हणाल्या. "लढाया तर सगळेच लिहितात."

समितीचा पांचवा प्रश्न आणि आजींचें हें बोलणें एकच होतें. पडलेल्या शिपायाच्या मागें राहिलेल्या बायकोमुलांची तजवीज सरकारांतून कशी होई, तिला बालपरवेशी हें स्वतंत्र नांव कसें होतें, आणि एका घराण्यांत ती जमीन कोणाच्या नांवानें मिळाली, हें त्या पत्रांत स्वच्छ लिहिलेलें होतें. मी लढाईकडे डोळे लावून बसल्यामुळें त्या ओळी केवळ ओलांडून जात होतों.

सहाव्या प्रश्नांत मात्र मीं समितीशीं मतभेद दर्शविला. समिती विचारील तें सारें मान्य करणें म्हणजे नम्रता नव्हे. तोहि एक प्रकारचा आळसच. जमीन थकलेल्या पगाराऐवजीं दिलेली असेल, ही शंका योग्य होती. परंतु पत्रांत पगाराचा वा बाकीचा शब्द नाहीं, जमीन बायको व मुलगा यांच्या नांवें आहे, आणि बालपरवेशी ह्या शब्दाचा अर्थच मृताच्या कुटुंबाचें पोषण असा आहे. मीं इतकेंच लिहिलें कीं, आपली शंका लक्षांत घेऊन पत्र पुन्हां वाचलें. पुढील तीन कारणांमुळें मला ती येथें लागू वाटत नाहीं. तथापि दुसरा कागद उपलब्ध झाल्यास मत बदलण्यास मी तयार आहें. मतभेदास कारण द्यावें, तें पुराव्यांतलें असावें, आणि आपल्या वयाचा किंवा अनुभवाचा उल्लेख त्यांत करूं नये.

आतां उत्तराच्या पत्राविषयीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. समितीचा प्रत्येक प्रश्न क्रमांक घालून आधीं उतरवून घ्यावा व खालीं आपलें उत्तर लिहावें. त्यामुळें वाचणाऱ्यास मागचें पत्र शोधावें लागत नाहीं, आणि आपल्यालाहि अडचणीचा प्रश्न गाळतां येत नाहीं. प्रत्येक उत्तराच्या पहिल्याच वाक्यांत, मान्य आहे, अंशतः मान्य आहे, कीं मान्य नाहीं, हें सांगावें. कारणें मागून द्यावीं. जेथें आपण बदल केला असेल, तेथें पूर्वीं काय होतें व आतां काय केलें हें दोन्ही लिहावें. गुपचूप दुरुस्ती करून, जणूं कांहीं पूर्वीपासून तसेंच होतें, असा भाव आणूं नये. आभार एकदांच, पत्राच्या शेवटीं मानावे. आणि मुदत पाळावी. मुदतीनंतर आलेलें उत्तर कितीहि चांगलें असलें तरी तोंवर कार्यक्रमपत्रिका छापून झालेली असते.

माझें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर असें होतें: "मान्य आहे. वाचन निश्चित नाहीं. घडीमुळें शब्दाचीं पहिलीं दोन अक्षरें झिजलीं आहेत. वैशाख शुद्ध आणि रमजान यांच्या मेळावरून शब्द 'तिसैन' ठरतो. त्यामुळें पत्राचें साल १७६१ नसून १७९१ आहे, व पानिपताविषयींचें माझें विधान मी मागें घेत आहें." हें लिहावयास मला एक सबंध दुपार लागली. पण लिहून झाल्यावर असें वाटलें कीं, ह्या पांच वाक्यांत जेवढें संशोधन आहे, तेवढें पूर्वीच्या साऱ्या गोषवाऱ्यांत नव्हतें.

निबंध स्वीकारला गेला. नवें शीर्षक: 'बालपरवेशीचें एक पत्र, वैशाख १७९१.' पंधरा मिनिटें मिळालीं, पैकीं बारांत वाचून झालें. समितीचे प्रश्न आले नसते, तर मी सभेंत उभा राहून पानिपत सांगितलें असतें, आणि जंत्री जाणणाऱ्या कोणी एकानें तेथेंच मला खालीं बसविलें असतें. किंवा, त्याहून वाईट म्हणजे, कोणीच बसविलें नसतें, आणि माझी चूक छापील होऊन पुढच्या अभ्यासकांच्या माथीं बसली असती. आपल्या घरांतील कोणाला असें पत्र आलें, तर त्याला एवढें अवश्य सांगा कीं, ज्यांनीं तुझा कागद काळजीनें वाचला त्यांनींच हे प्रश्न विचारले आहेत. ज्याला कागद वाचावयाचाच नसतो, तो प्रश्न विचारीत बसत नाहीं.

राहिलें त्या अष्टमीच्या पानाचें. परिषदेहून परत आल्यावर मी आजींना कार्यक्रमपत्रिका दाखवावयास गेलों. भीत भीत विचारलें कीं, मृत्यूची तिथि पत्रांत नाहीं, तर आतां काय करणार? आजी म्हणाल्या, "ज्याची तिथि ठाऊक नाहीं, त्याच्यासाठीं सर्वपित्री अमावास्या आहेच कीं, गुरुजी." तिथि अज्ञात असेल तर तसें मानून चालण्याची सोय आपल्या पूर्वजांनीं केव्हांच करून ठेविली आहे. मला ती समजावयास परिषदेचे सहा प्रश्न लागले.